दिसणे वेगळे म्हणजे वेड नव्हे



विश्रांतवाडीच्या मुकुंदराव आंबेडकर चौकातून आळंदी रस्त्याने येरवड्याकडे निघाले की फुलेनगरच्या बाजूला प्रादेशिक मनोरुग्णालय लागते. राज्यातील सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांपैकी हे एक. ते आपल्या इतके जवळ आहे, तरी आपल्या वस्त्यांत त्याचे नाव बहुतेक वेळा शिवी म्हणूनच ऐकू येते. नळावर भांडण झाले की "हिला येरवड्याला भरती करा" आणि पोरगं गप्प बसायला लागलं की "येरवड्याची वाट धरली यानं." उपचाराच्या जागेची आपण शिवी केली आणि त्यामुळे गरज असलेला माणूसही त्या दारात जायला घाबरतो.

हा लेख लिहिण्याचे कारण असे. विहारातील महिला मंडळाच्या बैठकीनंतर एक आई मागे थांबली. तिचा बारावी झालेला मुलगा काही महिन्यांपासून बदलला होता. भिंतीला ओल येऊन पडलेल्या डागांत त्याला चेहरे दिसत. ट्यूबलाइटचा प्रकाश टोचतो म्हणून तो दिवा बंद करून बसे. चौकात उभी असलेली माणसे आपल्याकडेच बघतात, असे त्याला वाटे. शेजारच्या एकीने सांगितले, "बाहेरचं आहे, उतरवून घ्या." दुसऱ्याने सांगितले, "वेड लागलंय, येरवड्याला दाखवा." आईने आधी पहिल्याचे ऐकले. एका बाबाकडे तीन महिने खेटे घातले, अंगारा लावला, धुणीभांडी करून साठवलेले पैसे गेले. मुलगा होता तसाच राहिला, उलट आई आपल्याला भूत समजते म्हणून तिच्याशी बोलेनासा झाला.

त्या आईने आम्हाला विचारले, "तो खोटं बोलत नाही हो. त्याला दिसतं. मग हे काय आहे?" हा प्रश्न आम्ही मानसोपचार क्षेत्रातील जाणत्यांना विचारला, वाचन केले आणि जे समजले ते या पानावर सोप्या भाषेत मांडत आहोत.

आपण डोळ्यांनी पाहतो की मनाने?

आपल्या वस्त्यांतील भिंतींवर बाबासाहेबांचे चित्र असते. पुष्कळदा ते साच्याने काढलेले असते. फक्त काळ्या रंगाचे चार-पाच ठिपके. चष्म्याची चौकट, कपाळ, कोटाची कड. नाक पूर्ण नाही, ओठ पूर्ण नाहीत. तरी शंभर फुटांवरूनही आपण म्हणतो, "बाबासाहेब!" आता असे समजा की दूर देशातून कोणी आला आहे आणि त्याने बाबासाहेबांचा फोटो कधीच पाहिलेला नाही. त्याला तिथे फक्त काळे डाग दिसतील. डोळ्यांत शिरणारा उजेड दोघांच्याही बाबतीत सारखाच आहे. फरक आपल्या मनात आधीपासून असलेल्या ओळखीचा आहे.

म्हणजे मेंदू कॅमेऱ्यासारखा काम करत नाही. डोळ्यांकडून अर्धवट माहिती येते आणि मेंदू पूर्वीच्या ओळखीवरून उरलेले भरून काढतो, अंदाज बांधतो. आपल्या धम्मातील पंचस्कंधांत 'रूप' वेगळे आणि 'संज्ञा' वेगळी सांगितली आहे. समोरची वस्तू म्हणजे रूप, ती ओळखणे म्हणजे संज्ञा. बुद्धांनी मेंदूचे शास्त्र सांगितले असा आमचा दावा नाही. पण दिसणे आणि ओळखणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, ही समज आपल्याला नवी नाही.

दुसरे उदाहरण मूर्तीच्या साच्याचे. बुद्धमूर्ती ओतून झाल्यावर रिकाम्या साच्याच्या आतल्या बाजूकडे थोडे लांबून, एक डोळा मिटून बघा. तिथला चेहरा खरे तर आत गेलेला, पोकळ असतो. तरी बहुतेकांना तो बाहेर आलेला दिसतो. आपण जन्मापासून बाहेर आलेलेच चेहरे पाहिले आहेत. त्यामुळे डोळे "पोकळ आहे" असे सांगत असले तरी मेंदू त्यांचे ऐकत नाही. याला दृष्टिभ्रम म्हणतात. तो सगळ्या निरोगी माणसांना होतो.

प्रत्येकाचा अंदाज सारखा नसतो

डोळ्यांची माहिती आणि मनाचा अंदाज या दोन पारड्यांत कोणाला किती वजन द्यायचे, हे माणसागणिक थोडे थोडे बदलते. स्किझोफ्रेनिया, म्हणजे ज्याला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात, त्या आजारात हा तोल बराच वेगळा होतो. 2009 मध्ये जर्मनी आणि लंडनच्या संशोधकांनी पोकळ मुखवट्याचा प्रयोग केला. निरोगी माणसे जवळजवळ प्रत्येक वेळी फसली. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना मात्र पोकळ मुखवटा बऱ्याचदा पोकळच दिसला. म्हणजे त्या एका बाबतीत त्यांचे पाहणे आपल्यापेक्षा जास्त बरोबर होते!

आजूबाजूच्या वस्तूंचा परिणामही असाच. एक रुपयाची दोन नाणी घ्या. एकाभोवती दहा रुपयांची मोठी नाणी मांडा, दुसऱ्याभोवती हरभऱ्याचे दाणे. मधली नाणी सारखीच असूनही दुसरे मोठे वाटते. स्किझोफ्रेनियाच्या काही रुग्णांवर, विशेषतः ज्यांच्या विचारांत विस्कळीतपणा जास्त असतो त्यांच्यावर, अशा भोवतालचा प्रभाव कमी पडतो. घरी हे खेळ म्हणून करून बघायला हरकत नाही. पण ही आजाराची तपासणी नाही. कोणाला नाणी सारखी दिसली म्हणून त्याला नाव ठेवू नका.

आता या लेखाचा मुख्य मुद्दा. काही माणसे आजारी नसतात, पण त्यांच्या स्वभावात या आजाराशी मिळतीजुळती थोडी छटा असते. त्यांना योगायोगात खुणा दिसतात, डागांत, ढगांत चेहरे पटकन दिसतात, आवाज आणि उजेड जास्त टोचतो, माणसांत मिसळणे जड जाते, बोलणे थोडे आडवळणाचे असते. याला स्किझोटायपल स्वभाव किंवा स्किझोटायपी म्हणतात. हा शब्द 1953 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ सँडर राडो यांनी रूढ केला. उंची जशी कोणाची कमी कोणाची जास्त, तशीच ही छटा कमी-जास्त प्रमाणात पुष्कळ लोकांत असते. अशा स्वभावाच्या बहुतेकांना आयुष्यात कधीही स्किझोफ्रेनिया होत नाही. त्यांच्यातले काही चांगले कलावंत असतात, काही फक्त एकटे राहणे पसंत करतात.

2015 मध्ये इंग्लंडमधील केंब्रिज आणि वेल्समधील कार्डिफ येथील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्या भिंतीवरच्या चित्रासारखीच, फक्त काळ्या-पांढऱ्या डागांची चित्रे लोकांना दाखवली. आधी कोणाला त्यात माणूस आहे की नाही ते नीट कळेना. मग त्याच चित्रांचे मूळ रंगीत फोटो दाखवले आणि पुन्हा डाग दाखवले. आता सर्वांनाच जास्त ओळखता आले. पण ज्यांच्यात आजाराची अगदी सुरुवातीची लक्षणे होती, त्यांना या आधीच्या माहितीचा फायदा इतरांपेक्षा अधिक झाला. निरोगी स्वयंसेवकांतही ज्यांच्यात अशा अनुभवांकडे कल जास्त होता, त्यांच्यात हेच आढळले.

वाचक म्हणतील, मुखवट्याच्या प्रयोगात मनाचा अंदाज कमी पडतो आणि या प्रयोगात तो जास्त चालतो, हे कसे? प्रश्न योग्य आहे. संशोधकांचाही यावर वाद चालू आहे. आजाराची पायरी कोणती आणि अंदाज कोणत्या प्रकारचा, यावर निकाल बदलतात. निरोगी पण अशा स्वभावाच्या लोकांवरील सर्व प्रयोगांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. एवढे मात्र निश्चित की हा तोल वेगळा असणे ही मेंदूच्या कामातील बाब आहे. त्यात भूत नाही, करणी नाही, आणि आईबापाच्या संगोपनाचा दोषही नाही.

"लोक माझ्याकडे बघतात" हे नेहमी लक्षण असते का?

हा मुद्दा आपल्या समाजाने नीट समजून घेण्यासारखा आहे. अशा स्वभावाची मोजणी करण्यासाठी 1991 मध्ये एड्रियन रेन यांनी 74 प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. उत्तरे हो किंवा नाही अशी द्यायची. लोक आपल्याबद्दल बोलत असावेत असे वाटते का, लोकांपासून सावध राहावे लागते का, मनातले दुसऱ्याला कळते यावर विश्वास आहे का, अशा अर्थाचे प्रश्न त्यात आहेत.

आता आपल्या माणसाने हे प्रश्न वाचले तर काय होईल? भाड्याने खोली बघायला गेल्यावर आडनाव सांगताच घरमालकाचा चेहरा बदललेला त्याने पाहिलेला असतो. कामाच्या ठिकाणी डबा उघडताना पाठीमागची कुजबुज ऐकलेली असते. "लोकांपासून सावध राहावे लागते का?" याला त्याचे उत्तर "हो" असेल, आणि तो त्याचा भ्रम नसेल, अनुभव असेल. तसेच ज्या घरात सगळेच दृष्ट काढतात, त्या घरातील मुलाने दृष्ट लागते असे म्हटले तर तेवढ्यावरून त्याला आजारी ठरवता येत नाही. तो घरचा संस्कार आहे. चांगला डॉक्टर माणसाची वस्ती, समाज, रीतिरिवाज विचारात घेऊनच निर्णय करतो. म्हणून डॉक्टरांना हे सारे मोकळेपणाने सांगावे. जातीचा अनुभव लपवू नये.

याची दुसरी बाजूही आहे. युरोपातील अभ्यासांत स्थलांतरित आणि अल्पसंख्य समाजांत अशा गंभीर आजारांचे प्रमाण जास्त आढळले आहे आणि भेदभाव, एकटेपणा ही त्याची कारणे असावीत असे अनेक संशोधक मानतात. सततचा अपमान शरीराला आणि मनाला झिजवतो. म्हणून अनुभव खरा असला तरी त्यातून येणाऱ्या भीतीने झोप उडाली असेल, घराबाहेर पडणे बंद झाले असेल, तर मदत घ्यायलाच हवी.

कधी थांबायचे, कधी दवाखाना गाठायचा

डागात चेहरा दिसला, "हा डागच आहे" हे कळले आणि माणूस कामाला लागला, तर काळजीचे कारण नाही. पुढील गोष्टी दिसल्या तर मात्र उशीर करू नये.

1. कोणी नसताना आवाज ऐकू येणे, ते आवाज हुकूम देत आहेत असे वाटणे. स्किझोफ्रेनियात डोळ्यांना होणाऱ्या भासांपेक्षा कानांना होणारे भास अधिक आढळतात.
2. जेवणात विष घातले आहे, मोबाइलमधून कोणी पाळत ठेवते, अशी पक्की समजूत होणे आणि समजावूनही ती न हलणे.
3. अनेक रात्री झोप नसणे, अंघोळ-जेवण सुटणे, शाळा किंवा काम सोडून कोंडून घेणे.
4. बोलण्याचा एकमेकांशी संबंध न लागणे.
5. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचे विचार. अशा वेळी माणसाला एकटे सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

हा आजार बहुधा किशोरवयाच्या शेवटी ते तिशीच्या आत सुरू होतो. बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा थोडा उशिरा दिसतो. लवकर उपचार सुरू झाले तर पुढचे आयुष्य सावरण्याची शक्यता वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे 300 माणसांमागे एकाला हा आजार असतो. म्हणजे आपल्यासारख्या दाट वस्तीत तो कोणाच्या ना कोणाच्या घरी असणारच. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

दिसण्याच्या प्रत्येक तक्रारीमागे मनाचाच आजार असतो असेही नाही. म्हातारपणी मोतीबिंदूने नजर अधू झाली की आजीला पडद्याजवळ माणसे, मुले दिसू शकतात आणि तिचे डोके मात्र पूर्ण ठिकाणावर असते. 1760 मध्ये चार्ल्स बॉनेट या स्विस अभ्यासकाने आपल्या आजोबांच्या बाबतीत हे लिहून ठेवले. आजीला "येड लागलं" म्हणण्याआधी डोळे तपासून घ्या. जोराचा ताप, फिट, किंवा रोज पिणाऱ्याने अचानक दारू सोडल्यावर हातपाय थरथरून किडे-माणसे दिसू लागणे, ही तर तातडीची बाब आहे. त्याला लगेच रुग्णालयात न्यावे.

गांजाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. कमी वयात आणि नेहमी गांजा ओढणाऱ्या मुलांत भास आणि भ्रमाच्या आजाराचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. ज्याच्या स्वभावात आधीच अशी छटा आहे किंवा घराण्यात हा आजार आहे, त्याने त्यापासून दूरच राहावे. पाचवे शील केवळ म्हणण्यासाठी नाही.

ध्यानाबद्दलही एक सूचना. आनापान आणि रोजची थोडी साधना बहुतेकांना चांगली असते. पण ज्याला भास होतात, त्याला "दहा दिवस शिबिराला बस, बरा होशील" असे सांगून पाठवू नका. दीर्घ मौन आणि एकांत अशा माणसाला जड जाऊ शकतो. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराविषयी विचारलेले असते. ती माहिती लपवू नका आणि आधी डॉक्टरांना विचारा.

घरच्यांनी काय करावे

ज्याला दिसते, त्याच्याशी वाद घालू नये, त्याची टिंगल करू नये आणि त्याचे मन राखायला "हो, मलाही दिसतंय" असे खोटेही बोलू नये. एवढे म्हणावे, "बाळा, तुला जे दिसतं ते मला दिसत नाही. पण तुला भीती वाटते हे मला कळतं. आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ." औषध सुरू झाले तर बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नये.

कुठे जावे? ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. येरवड्याच्या मनोरुग्णालयातही बाहेरच्या बाहेर तपासणी होते. तिथे दाखवणे म्हणजे भरती होणे नव्हे. बहुतेक रुग्ण औषध घेऊन घरीच राहतात. घरातून बोलायचे असेल तर केंद्र सरकारची 'टेली मानस' ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर आहे. ती ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली आणि तिथे मराठीत बोलता येते.

कायदाही आपल्या बाजूने आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येकाला सरकारी उपचारांचा हक्क दिला आहे आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी केली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचले, तो जादूटोणाविरोधी कायदा 2013 मध्ये झाला. त्याच वर्षी 20 ऑगस्टला याच पुण्यात त्यांचा खून झाला होता. या कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे.

कायदा आहे, पण आपल्या घरांचे काय? 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी 22 प्रतिज्ञा दिल्या. आपण देव सोडले. तरी भिंतीवर बाबासाहेब आणि उंबऱ्याला लिंबू-मिरची अशी घरे आजही आहेत. आम्ही हे बोट दाखवून म्हणत नाही. मूल आजारी पडले की आईचा जीव कासावीस होतो आणि जो आधी हात धरतो, त्याच्यामागे ती जाते. प्रश्न हा आहे की त्या आईचा हात आधी बाबाने का धरला, आपण का नाही? ती विहारात दर रविवारी येत होती. तीन महिने तिने कोणाला सांगितले नाही, कारण आपण "येरवड्याला पाठवा" म्हणून हसू, ही तिला भीती होती.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगतो. मंडळातील दोघीजणी त्या आईसोबत सरकारी रुग्णालयात गेल्या. डॉक्टरांनी मुलाशी एकट्याने बराच वेळ बोलून, नंतर आईशी बोलून सांगितले की आज याला स्किझोफ्रेनिया आहे असे म्हणता येत नाही. स्वभाव तसा हळवा आहे, झोप पार बिघडली आहे, मित्रांच्या नादाने गांजाही चालू होता. गांजा बंद, झोप वेळेवर आणि दर महिन्याला तपासणी. डाग त्याला अजूनही चेहऱ्यांसारखे दिसतात. पण आता तो आईला बोलावून दाखवतो आणि कधी कधी दोघे हसतात. पुढे काय होईल ते आज कोणी सांगू शकत नाही. तपासणी मात्र चुकत नाही.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडला होता आणि कोणी त्याच्याजवळ जात नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी त्याला धुतले, उचलून नीट निजवले. मग भिक्खूंना सांगितले की ज्याला माझी सेवा करायची आहे, त्याने आजाऱ्याची सेवा करावी. मनाचा आजारही आजारच आहे. आपल्या वस्तीत असा कोणी असेल, तर त्याच्या आईला विहारात बोलावून घ्या आणि रुग्णालयात जाताना तिच्यासोबत कोणीतरी जा.

विहारात चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या बोलण्यात 'येरवडा', 'येडा', 'बाहेरचं' हे शब्द कधी येतात? त्यांऐवजी काय म्हणता येईल?
2. भिंतीवरच्या साच्याच्या चित्रात बाबासाहेब आपल्याला का ओळखू येतात? डोळे आणि मनाचा अंदाज यांतील फरक मुलांना समजावून सांगा.
3. एखाद्या घरी अशी अडचण आली, तर आपल्या विहारातून त्यांच्यासोबत रुग्णालयात कोण जाईल? दोन नावे आजच ठरवा.

जयभीम! नमो बुद्धाय!